इंजिनात दोष आहे

मराठीत ‘बिघाड’ आणि ‘दोष’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो, पण दोघांचं वागणं वेगळं आहे. बिघाड होतो, दोष असतो. बिघाडाला वेळ सांगता येते: काल रात्री पंखा चालू होता, सकाळी बंद पडला. दोषाला वेळ नसते, पत्ता असतो. तो कुणाचा तरी असतो, कुणावर तरी येतो, कुणाच्या तरी माथी मारला जातो. ‘दोष कुणाचा?’ हा प्रश्न रोज कानावर पडतो. ‘बिघाड कुणाचा?’ असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

हा फरक माझ्या लक्षात आला तो एका चिठ्ठीमुळे. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा, सेलोटेपने एका खोक्याला चिकटवलेला. त्यावर निळ्या पेनने तीन वाक्यं: ‘मोटर शॉर्ट आहे. इंजिनात दोष आहे. डीकोडर बसणार नाही.’

खोक्यात माझ्या काकांचं रेल्वे इंजिन होतं. खेळण्यातलं म्हटलं की काका चिडतात, म्हणून मॉडेल म्हणू या. खऱ्या इंजिनाच्या एक सत्त्याऐंशीअंश आकाराचं, तळहातावर मावेल एवढं, पण हातात घेतलं की वजनाने दचकायला होईल असं. काका मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होते. 1984 साली त्यांचं जहाज हॅम्बुर्गला लागलं असताना तिथल्या एका दुकानातून त्यांनी ते घेतलं. मालवणात आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर कुडाळ नाहीतर कणकवली गाठावी लागते. आणि 1984 मध्ये तर अख्ख्या जिल्ह्यातच रेल्वे नव्हती, कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावायला 1998 साल उजाडलं. म्हणजे आमच्या धुरीवाड्यातल्या घराच्या पडवीत रेल्वे आली ती सिंधुदुर्गाच्या कितीतरी वर्षं आधी. हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मीही आत्ता सांगितलंच.

तर हे इंजिन प्लायवूडवर ठोकलेल्या रुळावर जवळजवळ चाळीस वर्षं गोल गोल फिरलं. मे महिन्यात मुलं जमली की जास्त, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच, कारण खाऱ्या हवेत रूळ काळे पडतात आणि चिकट होतात. मग मागच्या वर्षी काकांनी ठरवलं, हे डिजिटल करायचं. नातू बंगळूरला असतो, सुट्टीत येतो, त्याला गाडी मोबाइलवरून चालवायची होती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 मध्ये उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, तिथे काका नातवाला घेऊन गेले होते. तिथे एका वेळी अनेक गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. ते पाहून आल्यावर पडवीतली एकटी गाडी नातवाला फार गरीब वाटू लागली असावी.

डिजिटल करायचं म्हणजे काय, ते दोन परिच्छेदांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जुन्या पद्धतीत रुळांमध्येच वीज सोडतात. एका रुळावर धन, दुसऱ्यावर ऋण, जास्तीत जास्त बारा व्होल्ट. चाकं ती वीज उचलतात, मोटर फिरते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी जाते. यात इंजिनाला काही कळावं लागत नाही. रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात, एकाला थांब आणि दुसऱ्याला चल असं सांगायची सोय नाही.

नव्या पद्धतीचं नाव डीसीसी. लेंझ नावाच्या जर्मन कंपनीने ती विकसित केली आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती मानक म्हणून स्वीकारली. यात रुळांवर कायम साधारण चौदा-पंधरा व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. या उलटण्यातच निरोप लपवलेला असतो. उलटण्याचा अर्धा फेरा 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, 100 च्या आसपास किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. इंजिनाच्या पोटात नखाएवढं सर्किट बसवतात, तो डीकोडर. तो निरोप वाचतो, आपल्या नंबरचा असला तर ऐकतो, आणि मोटरला किती वीज द्यायची ते स्वतः ठरवतो. म्हणजे आधी मोटर आणि रूळ यांचं थेट नातं होतं, आता मध्ये एक मध्यस्थ आला.

काकांनी इंजिन एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. गाव आणि नाव कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. त्याने डीकोडर बसवला, मोटर हलवून पाहायला वेग वाढवला, आणि डीकोडरमधून धूर आला. तीनेक हजार रुपये गेले. त्याने जळका डीकोडर काढला, मीटर लावून तपासलं, आणि खोक्यावर ती चिठ्ठी चिकटवून इंजिन परत पाठवलं.

काकांनी चिठ्ठी वाचली आणि मला पुण्याला फोन केला. “चाळीस वर्सां धावलां ता. तेवा दोष नव्हतो. आता खयसून इलो?”

हा प्रश्न मला तेव्हा रागाचा वाटला होता. नंतर लक्षात आलं, तो अगदी नेमका प्रश्न आहे.

गणपतीला घरी गेलो तेव्हा सोबत मल्टिमीटर, बारीक टोकाचा सोल्डर गन आणि नवा डीकोडर घेऊन गेलो. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे, आणि घरात त्या पदवीचा उपयोग करून दाखवायची संधी फारशी येत नाही. पडवीत आरतीची ताटं एका बाजूला सरकवून आम्ही इंजिन उघडलं.

पहिली गोष्ट, डीकोडरच्या पुडीला हात लावायचा नाही. आधी जुन्या पद्धतीने चालतंय का ते बघायचं. रूळ घासून साफ केले, चाकं अल्कोहोलने पुसली, काकांचा जुना ट्रान्सफॉर्मर लावला. चाललं. सुरुवातीला अडखळलं, मग सुरळीत. मोटर शॉर्ट असती तर हे झालंच नसतं. मग चाकं बोटाने धरून, मोटर अडवून किती वीज खाते ते मोजलं. एक अँपियरच्या आत. म्हणजे आपल्या डीकोडरला झेपण्यासारखी. मोटर सोडवून तिच्या दोन ब्रशांमध्ये रोध मोजला, तोही ठीक. मोटर धडधाकट होती.

मग मीटर बीपवर टाकला. एक टोक मोटरच्या एका ब्रशवर, दुसरं इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यावर. बीप. आता सांगाडा आणि उजव्या बाजूची चाकं. पुन्हा बीप.

दुरुस्तीवाल्यालाही हाच बीप ऐकू आला असणार. त्याचं मोजमाप बरोबर होतं. ब्रश आणि सांगाडा जोडलेले होते, आणि त्याच्या पुस्तकात अशा जोडणीला ‘शॉर्ट’ म्हणतात. पण ती जोडणी चुकून झालेली नव्हती. ब्रशच्या घरातून पितळेची एक छोटी पट्टी बाहेर येत होती आणि स्क्रूने सांगाड्यावर घट्ट बसवलेली होती. स्क्रूच्या डोक्यावर कारखान्याचा लाल रंगाचा ठिपका अजून शाबूत. कुणीतरी जर्मनीतल्या कारखान्यात मुद्दाम, काळजीपूर्वक ती बसवली होती. कारण जुन्या पद्धतीत वीज एका रुळावरून येते, मोटरमधून जाते आणि दुसऱ्या रुळावरून परत जाते. परतीच्या वाटेला वेगळी तार कशाला? अख्खा सांगाडा धातूचाच आहे, त्यालाच तार समजा. एक तार वाचते, तुटण्याची एक जागा कमी होते. मोटारसायकलमध्ये, ट्रकमध्ये आजही बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, त्याच कारणाने. आमच्याकडचे इलेक्ट्रिशियन त्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. उत्तम, साधी, टिकाऊ रचना.

फक्त, आता मध्ये डीकोडर आला. डीकोडरचा नियम असा की मोटरची दोन्ही टोकं फक्त त्याच्याच हातात पाहिजेत, रुळाशी त्यांचा काहीही संबंध नको. एक टोक सांगाड्यातून रुळाला चिकटलेलं राहिलं, तर वेग वाढवताच रुळावरची सगळी वीज डीकोडरच्या नाजूक ट्रान्झिस्टरमधून उलट घुसते. धूर.

म्हणजे जी पट्टी चाळीस वर्षं इंजिनाचा गुण होती, तीच एका दुपारी दोष झाली. आणि त्या दुपारी पट्टीत तसूभरही बदल झाला नाही. ती गंजली नाही, सरकली नाही, झिजली नाही. बदललं ते तिच्याभोवतीचं जग.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. दोष आला कुठून? तर बाहेरून आला. डीकोडरच्या पुडीतून आला.

आता इथे कुणीही म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. दोष म्हणा, विसंगती म्हणा, काम तर तेच करायचंय: पट्टी काढायची. खरंय. मी पट्टी काढली, ब्रशच्या घराखाली नायलॉनची चकती घातली, वर कॅप्टन टेप लावली, मोटरला नारिंगी आणि करडी अशा दोन वेगळ्या तारा जोडल्या. मोटरवर 1984 चा एक छोटा कपॅसिटर होता, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून त्या काळी बसवत, तोही काढला, कारण डीकोडर मोटरला तुकड्यातुकड्याने वीज देतो आणि हा कपॅसिटर त्यात लुडबुड करतो. चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असतं तरी मी हेच केलं असतं.

तरी शब्दाने फरक पडतो. ‘इंजिनात दोष आहे’ असं एकदा लिहिलं की चार गोष्टी गुपचूप ठरून जातात. तपास कुठे करायचा ते ठरतं (इंजिनात). खर्च कुणी करायचा ते ठरतं (इंजिनवाल्याने). लाज कुणाला वाटली पाहिजे ते ठरतं. आणि चौथी गोष्ट, कुणाला तपासायचं नाही तेही ठरतं. डीकोडर बसवण्याआधी मोटर सांगाड्यापासून वेगळी आहे का हे बघा, असं डीकोडरसोबतच्या माहितीपत्रकात पहिल्या-दुसऱ्या ओळीतच छापलेलं असतं. ते बघण्याचं काम नव्याने येणाऱ्याचं आहे. चिठ्ठीने ते काम पुसून टाकलं.

मग खरा दोष आणि असा लादलेला दोष यांच्यात फरक कसा करायचा? सगळंच सापेक्ष म्हणून सोडून देता येत नाही. याच इंजिनाच्या मागच्या चाकाचा आस गंजलेला होता, तेलाचा थेंब घालूनही कुरकुरत होता. तो दोषच. तो कुठल्याही पद्धतीत दोष. मला जी कसोटी सुचली ती वचनाची. या वस्तूने काय करीन म्हणून सांगितलं होतं? इंजिनाने सांगितलं होतं की मला रुळावर बारा व्होल्ट द्या, मी धावेन. गंजलेला आस ते वचन मोडतो. पितळेची पट्टी ते वचन पाळते, पाळायला मदत करते. डीकोडरशी इंजिनाचा कधी करारच झाला नव्हता. जे वचन दिलंच नाही ते मोडल्याचा ठपका कुणावर ठेवायचा?

आता इंजिन बाजूला ठेवून आजीकडे येतो. खरं सांगायचं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आजीने तीसएक वर्षं काजूच्या कारखान्यात काम केलं. भाजलेली बी फोडायची, गर अख्खा काढायचा, साल सोलायची. काजूच्या टरफलात एक तेल असतं, ते कातडी जाळतं. बायका हाताला राख लावत, गोडं तेल लावत, तरी बोटांची टोकं काळी पडत आणि सोलवटून निघत. सिंधुदुर्गात काजू खाणाऱ्या माणसाने एकदा ती बोटं बघावीत असं मला नेहमी वाटतं, असो. तर तीस वर्षांत आजीच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या. यात कुणाला काही कमी वाटलं नाही. त्या बोटांनी ती भाकरी थापते, नातवंडांच्या पायातले काटे काढते, काळोखात वाती वळते.

मग रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं. आजीने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, दुसरं बोट ठेवलं, पाण्यात बुडवून ठेवलं. लाल दिवा. दुकानदार म्हणाला, “तुमचा थंब लागत नाही.” रांगेतल्या बाईने लिंबू चोळून बघायला सांगितलं. आजीने घरी येऊन लिंबूही चोळलं. दोन-तीन खेपा झाल्यावर तिने आईला सांगितलं, “माझो अंगठोच खराब झालो. काय करतलंय?”

हे वाक्य ती अगदी सहज बोलली. काका आपल्या इंजिनावरचा आरोप ऐकून भडकले, आजीने स्वतःवरचा आरोप मुकाट्याने घेतला. इतका, की तो आरोप तिनेच केल्यासारखा वाटावा. ‘थंब लागत नाही’ या वाक्यात कर्ता कोण आहे बघा. थंब. यंत्र त्या वाक्यात कुठेच नाही. यंत्राला वाचता आलं नाही, असं म्हणण्याची सोय त्या दुकानात कुणालाच सुचली नव्हती.

वचनाची कसोटी लावून बघतो. आजीच्या अंगठ्याने कधी कुणाला वचन दिलं होतं, की मी आयुष्यभर वाचण्याजोगा राहीन? रेशन मिळण्यासाठी तिने काय असायला हवं होतं? गरीब असायला हवं होतं, कार्डावर नाव असायला हवं होतं, आणि ती स्वतः ती असायला हवी होती. तिन्ही अटी ती पुऱ्या करत होती. चौथी अट नंतर आली, बाहेरून आली, आणि आल्या आल्या तिच्या बोटाचा दोष झाली.

हा प्रश्न फक्त माझ्या आजोळचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी आधारच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हा झिजलेल्या बोटांचा, म्हाताऱ्या माणसांचा, कष्टकऱ्यांचा मुद्दा तिथेही निघाला होता. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी कल्याणकारी योजनांसाठीचा आधारचा वापर वैध ठरवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं, आणि त्यात घटनेने दिलेली हमी तंत्रज्ञानाच्या लहरीवर सोडता येणार नाही, अशा आशयाचा मुद्दा मांडला. कायदेशीर बाजूंवर बोलायची माझी पात्रता नाही. पण अंगठा जुळला नाही तर ओळख पटवण्याच्या इतर वाटा ठेवल्या पाहिजेत, हे तर सगळेच मान्य करतात. कागदावर त्या वाटा असतातही. प्रश्न असा की दुकानाच्या काउंटरवर, रांग लागलेली असताना, त्या वाटा आठवण करून देण्याचं काम कुणाचं? आजीचं, की यंत्र बसवणाऱ्याचं?

माझ्या एका मित्राशी यावर बराच वाद झाला. तो म्हणाला, तू जुन्याचं कौतुक करतोयस. जुन्या रेशनमध्ये काय चालायचं विसरलास? मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलली जायची. त्याचं म्हणणं खोटं नाही. यंत्र येण्याला कारण होतं, जसं डीकोडर येण्यालाही कारण आहे: एका रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर जुन्या पद्धतीने ते होतच नाही. मी नव्याच्या विरोधात असतो तर हातात सोल्डर गन घेतला नसता.

पण दोन प्रसंगांत एक फरक आहे, आणि मित्राला तो पटला नाही, मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डीकोडर काकांना हवा होता. त्यांनी पैसे दिले, नातवासाठी दिले, आणि बदलाचा फायदा त्यांच्याच पडवीत होणार होता. आजीला यंत्र नको होतं, हवंही नव्हतं, तिला कुणी विचारलंच नाही. तिच्या नावावर कुणी साखर चोरत असेल तर यंत्राचा फायदा तिलाही होता, हे मान्य. तरी ज्याने बदल मागितला नाही, त्याच्याकडून बदलाची किंमत वसूल करताना निदान तिला किंमत म्हणावं. ‘दोष’ म्हणू नये.

सगळे असंच करतात असंही नाही. मुंबईची लोकल घ्या. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर 25,000 व्होल्ट एसी हे मानक झालं आणि मुंबईचं डीसी एकटं पडलं. जुनं, जास्त वीज वाया घालवणारं. बदलायचं तर होतंच. पण रोज लाखो लोक ज्या गाड्यांत लोंबकळतात त्या एका रात्रीत ‘दोषी’ ठरवून बाजूला कशा काढणार? मग दोन्ही जगांत चालणाऱ्या गाड्या बनवल्या. दोन्ही विजेवर चालणाऱ्या इंजिनांचं तर नावच तसं आहे: डब्ल्यूकॅम. त्यातला ‘सी’ म्हणजे डीसी, ‘ए’ म्हणजे एसी. पश्चिम रेल्वेचं रूपांतर 2012 मध्ये पूर्ण झालं, हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल 2016 मध्ये धावली. दहा-पंधरा वर्षं लागली, गाड्या महाग पडल्या, गुंतागुंत वाढली. ते सगळं ओझं गाड्यांनी आणि इंजिनिअरांनी उचललं. ‘तुमचं स्टेशन डीसीवर आहे, तुमच्यात दोष आहे’ असं विरारच्या किंवा मानखुर्दच्या प्रवाशाला कुणी सांगितलं नाही.

आणि गंमत म्हणजे हीच समज त्या नखाएवढ्या डीकोडरमध्येही आहे. बहुतेक डीकोडरांत 29 नंबरचं एक सेटिंग असतं. त्यातला एक बिट चालू ठेवला, की डीकोडर जुन्या साध्या डीसी रुळावरही गाडी चालवतो. ज्यांनी मानक बनवलं त्यांना माहीत होतं की जग एका दिवसात बदलत नाही, काही मित्रांच्या घरी जुनेच रूळ असणार. नव्याने जुन्याची भाषा शिकून यायची ही सोय त्यांनी पहिल्यापासून ठेवली.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी एक शेवटची अडचण आली, ती सांगितली पाहिजे. पट्टी काढून झाली, तारा जोडून झाल्या. आता डीकोडरला नंबर द्यायचा. त्यासाठी मी आर्डुइनो बोर्डावर चालणारं डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरलं. इंजिन वेगळ्या तुकड्यावर ठेवलं, कमी विजेवर, म्हणजे काही चुकलं तरी जळणार नाही. आज्ञा दिली. उत्तर आलं: डीकोडर नाही. पुन्हा दिली. डीकोडर नाही.

काका म्हणाले, “ह्योव गेलो?”

गेला नव्हता. या टप्प्यावर डीकोडरला बोलण्यासाठी एकच मार्ग असतो. विचारलेलं पटलं की तो क्षणभर मोटरला वीज देतो, साधारण सहा मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात किमान साठ मिलिअँपियर जास्त खेचतो. इंजिन कळेल न कळेल इतकं दचकतं. बाहेरचं यंत्र तो दचका मोजतं आणि म्हणतं, हो, आहे. म्हणजे डीकोडर मोटरच्या अंगाने बोलतो. आमची करडी तार नीट चिकटली नव्हती, त्यामुळे मोटर हलत नव्हती, त्यामुळे उत्तर ऐकू येत नव्हतं. आत तो जिवंत होता, आज्ञा ऐकत होता, हो म्हणत होता. बाहेर पडद्यावर मात्र ‘नाही’ लिहून येत होतं. ‘मला ऐकू आलं नाही’ हे जास्त खरं झालं असतं.

तार पुन्हा डागली. उत्तर आलं: 3. सगळे नवे डीकोडर जन्माला येताना 3 नंबर घेऊन येतात. काकांनी 84 द्यायला सांगितला. रुळावर ठेवून नातवाने फोनवर बोट सरकवलं आणि इंजिन निघालं, उलट्या दिशेने. नारिंगी आणि करडी तारा अदलाबदल करायच्या की सेटिंगमध्ये दिशा फिरवायची, यावर आमच्यात चर्चा झाली. काकांना तारा बदलायच्या होत्या, कारण “बरोबर असांना, मगे सेटिंग कित्या?” नातवाला सेटिंग हवं होतं. सेटिंग जिंकलं. आरतीला उशीर झाला तो वेगळाच.

पितळेची पट्टी आणि तो कपॅसिटर काकांनी औषधाच्या रिकाम्या डबीत घालून इंजिनाच्या खोक्यात ठेवलेत, कुणाला कधी जुन्या पद्धतीत परत जायचं असेल तर.

आजीचं रेशन आता माझा मामेभाऊ आणतो. त्याचा अंगठा लागतो. त्यामुळे कागदोपत्री अडचण सुटली आहे. आजी दुकानात जात नाही. पूर्वी ती महिन्यातून एकदा तिथे जायची, रांगेत तिच्या कारखान्यातल्या दोघी-तिघी भेटायच्या, अर्धा दिवस जायचा. आता त्यांच्यापैकी कुणीच फारसं जात नाही, असं मामी म्हणाली. काजूच्या बायका सगळ्या, त्यामुळे सगळ्यांचंच तसं झालं असणार.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आम्हीही फॉर्म बनवतो, लाखो लोक भरतात असे. माणसाचा फोटो ओळखपत्राशी जुळवून बघणारा एक टप्पा त्यात आहे. जुळला नाही की पडद्यावर येतं: ‘तुमचा फोटो अमान्य आहे.’ गणपतीहून परतल्यावर मी ते वाक्य बदलायची सूचना टाकली: ‘आम्हाला तुमचा फोटो ओळखता आला नाही. दुसऱ्या पद्धतीने पुढे जा.’ आणि त्याखाली त्या दुसऱ्या पद्धतीचं बटण. डिझाइनवाल्या मुलीचं उत्तर आलं की वाक्य लांब आहे, छोट्या स्क्रीनवर दोन ओळींत जातं. टेस्टिंगवाल्याने विचारलं, दुसरी पद्धत म्हणजे नेमकी कोणती, ती तर अजून बनलेलीच नाही. मॅनेजरने लिहिलं, चांगला मुद्दा, पुढच्या तिमाहीत बघू. सूचना अजून उघडी आहे.